पाचवा मुकुट

बंदुकीचे दोन्ही घोडे चढवलेले होते, ती नितीनच्या खांद्याला टेकली होती, आणि मी एक चप्पल चिखलात हरवून त्याच्याकडे धावत होते. वय एकाहत्तर. ओरडायला दम उरला नव्हता. त्याचा डावा हात नळ्यांच्या खाली होता, बरोबर जिथे तो मला नको होता तिथे. समोरच्या बांधावर तेलाचा रिकामा डबा ठेवलेला. मागे खुर्चीत बसलेला त्याचा बाप काठी जमिनीवर आपटत होता आणि आई हसून म्हणत होती, "बघ, तुझा बाबा कसा खूश झालाय."

मी दुसरी चप्पल काढली आणि फेकली. ती नितीनच्या पाठीत बसली. तो वळला. बंदुकीसकट वळला. आता दोन्ही नळ्या माझ्याकडे होत्या.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये बंदूक दुरुस्तीच्या दुकानात चौतीस वर्षं काम केलं. लोकांना वाटतं बंदुकीचं दुकान म्हणजे सिनेमातलं काहीतरी. आमचं दुकान एका बाजूला शिलाई मशीनवाला आणि दुसऱ्या बाजूला पापडवाला यांच्यात दहा फुटाचं होतं. हासू सेठकडे सरकारी परवाना होता. गिऱ्हाईक म्हणजे दोनच जाती: कारखान्यांच्या आणि बँकांच्या गेटवरचे वॉचमन, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या आजूबाजूचे शेतकरी, ज्यांच्याकडे आजोबाची बंदूक असायची आणि भातात डुकरं शिरायची. वॉचमन बंदुकीचा काय काय उपयोग करत ते मी पाहिलंय. एकाच्या नळीतून अगरबत्तीचा पुडा निघाला. ठेवायला जागा नव्हती म्हणाला.

मी आले लाकूड पॉलिश करायला. नवरा केमिकल कंपनीत होता, छाती खराब झाली, घर चालायला हवं होतं. शाळा चौथीपर्यंत. सेठ मला अदी म्हणायचे, त्यांच्या सिंधीत अदी म्हणजे बहीण. पहिल्या दिवशी म्हणाले, "अदी, लकडी को हात लगाओ, लोहे को नहीं." सहा महिन्यांनी त्यांचा कारीगर सोडून गेला आणि लोखंडही माझ्याकडे आलं. बाईमाणूस बंदूक उघडते म्हणून गिऱ्हाईकं बिचकायची. एकजण म्हणाला, "बाईला दिली तर बंदूक बिघडेल." मी म्हटलं, "बिघडलेलीच आणलीयस ना?" दसऱ्याला सेठ बंदुकांना झेंडू वाहायचे. मी त्या दिवशी सुट्टीवर, आमचा तो दिवस वेगळा, धम्मदीक्षेचा. एकदा त्यांनी विचारलं, अदी, तुम्ही पूजा नाही करत? मी म्हटलं, मी वर्षभर तेल लावते.

आता शिक्क्यांचं सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढचं काही कळणार नाही.

जुन्या दोननळी बंदुकीवर, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, एक नाव कोरलेलं असतं. घरातले सगळे तेच नाव सांगतात. ते नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नाही. मुंबईच्या दुकानदाराने विलायतेहून माल मागवला, आपलं नाव घातलं, आणि विकला. खरं काय ते नळ्या सोडवून उलट्या केल्यावर दिसतं. खाली, कोणी बघत नाही अशा सपाट जागेवर, तांदळाच्या दाण्याएवढे शिक्के असतात. जर्मनीत कायदा होता की नळी विकण्याआधी सरकारी माणसाने तिच्यात जास्तीची दारू भरून उडवायची. नळी टिकली तर मुकुटाचा शिक्का. मुकुट म्हणजे परीक्षा पास. मुकुटाखालचं चिन्ह कोणती परीक्षा ते सांगतं.

मला हे शिकवलं फोरमनसाहेबांनी. अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले, दर शनिवारी सेठकडे चहाला यायचे. मला इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, मी म्हटलं अक्षरं राहू द्या, चित्रं सांगा. मग मी पतंगाचा पातळ कागद शिक्क्यावर ठेवून वरून पेन्सिल घासायची, शिक्का कागदावर उठायचा, तो माझ्या वहीत चिकटवायची आणि बाजूला लिहायची. मुकुटाखाली गरुड: शेवटची परीक्षा पास. मुकुटाखाली घोड्याचा नाल, तोंड वर: नजरेने तपासली. मुकुटाखाली साप: छऱ्यांची नळी. मुकुटाखाली दोन खड्डे शेजारी शेजारी: नळी तोंडाशी आवळलेली आहे, छरे लांब जातात. हे चार. आणि पाचवा, मुकुटाखाली दुमडलेली फूटपट्टी: ही नळी नव्या, बिनधुराच्या दारूला चालते.

फोरमनसाहेब म्हणाले होते, "बाई, बाकी चार विसरलात तरी चालेल. पाचवा विसरू नका. जुनी काळी दारू ढकलते, नवी दारू लाथ मारते. पाचवा मुकुट नसेल तर त्या नळीने लाथ कधी खाल्लेली नाही."

आज दुकानात जी काडतुसं मिळतात ती सगळी नव्या दारूची.

एका वर्षी दिवाळीच्या आधी बाळाराम दुकानात आला. बदलापूरच्या पुढे नदीपलीकडचा. तेव्हा तिशीतला, धोतरावर नवीन शर्ट, काखेत गोणपाटात गुंडाळलेली आजोबाची घोडेवाली बंदूक. घोडे म्हणजे बंदुकीच्या पाठीवर उभे असलेले दोन छोटे हातोडे. ते अंगठ्याने मागे चढवायचे, मग खालचा चाप ओढला की ते काडतुसावर पडतात. नळ्यांवर तपकिरी नक्षी होती, वेटोळ्यांवर वेटोळी, एकदम बारीक.

बाळाराम म्हणाला, "बाय, हिच्या अंगावर नायटा आलाय. गंज बसलाय असा की जात नाय. घासून काळी कुळकुळीत करून दे. पोराच्या बारशाला पाहुने येनार."

मलाही तो गंज वाटला. अशी नळी मी आधी पाहिली नव्हती. सेठ म्हणाले, गिऱ्हाईकाला पाहिजे ते करा. मी तीन दिवस पॉलिश पेपरने घासलं. नायटा जाईना, म्हणून आणखी घासलं. चौथ्या दिवशी आरशासारखी झाली तेव्हा काळ्या औषधाचे हात मारले, एकावर एक, वेटोळी बुडून जाईपर्यंत. लाकडी दस्त्याला भेग होती, तिथे पितळी पट्टी बसवली, तीन स्क्रू. मला कामाचा फार अभिमान वाटला.

शनिवारी फोरमनसाहेबांनी ती उचलली, पितळी पट्टी बघितली, नळ्या उजेडात धरल्या, सोडवून उलट्या केल्या, आणि मटकन बसले. "बाई, तुम्ही नायटा नाही घासला, कातडी सोलली."

तो गंज नव्हता. पूर्वी लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दोरखंडासारख्या गुंडाळून, ठोकून नळी करायचे. ती वेटोळी म्हणजे त्या पिळाची खूण. दिसायला देखणी, पण जोड नळीभर, आणि नळी फुटते ती जोडावर. बंदूक ओळखणारा माणूस ती नक्षी लांबूनच बघतो आणि सावध होतो. मी ती खूण पुसली होती, वर नळीही पातळ केली होती. खालचे शिक्के मोजले: नाल, साप, दोन खड्डे, गरुड. चार. साल कुठेच नाही, म्हणजे शिक्क्यात साल घालायची पद्धत पडायच्या आधीची. आणि पाचवा मुकुट नाही.

मी सेठना म्हटलं, नळीवर कोरते, जुनी दारूच भरा म्हणून. सेठ म्हणाले, "अदी, ग्राहक की बंदूक पर हम नहीं लिखते." मी ऐकलं. ऐकायला नको होतं. फोरमनसाहेबांनी बाळारामला समोर बसवून अर्धा तास समजावलं. तो हुशार होता, एकदाच सांगावं लागलं. सेठ जिवंत होते तोवर दरवर्षी त्याला हलकी काडतुसं वेगळी भरून द्यायचे. म्हणजे ती गोष्ट माहीत असलेली माणसं चार: सेठ, फोरमनसाहेब, बाळाराम आणि मी. त्यातले दोन गेले. तिसऱ्याला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याची वाचा गेली. हे मला माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी, भातं पिवळी पडली होती तेव्हा, मी कॅम्प पाचमधून सकाळी रिक्षाने दुकानात गेले. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. गल्ल्यावर सेठचा नातू विकी. चांगला मुलगा, मोबाईलमध्ये डोकं खुपसलेलं. मला बसायला स्टूल दिलं आणि म्हणाला, "मावशी, हे बघा. परवा एक जबरदस्त पीस पास केला. बापाचं लायसन्स मुलाच्या नावावर केलंय. लायसन्सवर इंग्लिश मेक लिहिलंय, पण मी नेटवर शिक्के चेक केले. जर्मन निघाली! जर्मन म्हणजे तोफ, मावशी."

फोटोत काळी कुळकुळीत दोननळी होती. दस्त्याला पितळी पट्टी. तीन स्क्रू, त्यातला मधला मी तिरका बसवला होता.

"काडतुसं कोणती दिलीस?"

"नवीन, हेवीवाली. डुकरासाठी परमिट आलंय त्यांना."

"शिक्के किती होते?"

"बरेच होते. मुकुट होते. चील होती. सगळं मॅच झालं."

"होते ते मोजलेस. नव्हता तो मोजलास का?"

मी खालच्या खणातून माझी वही काढली. खण कोणी उघडत नाही, त्यात जुन्या स्प्रिंगा असतात. पान सापडलं. कागद पिवळा पडला होता, पण पेन्सिलीचे चारही मुकुट जागेवर. खाली माझ्या अक्षरात: बाळाराम, नदीपलीकडे. पाचवा नाही. नायटा नव्हता.

मी विकीला दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने बाळारामच्या मुलाला, नितीनला, फोन लावला. रेंज नाही. पुन्हा लावला. नाही. पोलीस ठाण्यात सांगू म्हणाला. मी म्हटलं, ते लिहून घेतील, तोवर नळी फुटेल. स्कूटर काढ.

अंबरनाथला फाटकाजवळच्या गर्दीत थांबलो तेव्हा विकी मागे न बघता म्हणाला, "मावशी, कदाचित काही होणार पण नाही ना? जर्मन आहे."

"जर्मन आहे म्हणून तर त्यांनी लिहून ठेवलंय. तू वाचलं नाहीस."

बदलापूर सोडलं, पूल ओलांडला, गावात विचारलं. एक बाई म्हणाली, नितीन ना, शेतावर हाय, आज बंदूक मारून बघनार हाय. स्कूटर बांधावर चढेना. मी उतरले आणि धावले.

तर दोन्ही नळ्या माझ्याकडे होत्या.

"कोन तू आजी? येडी काय? चप्पल कोनाला मारतेस?"

"नळ्या खाली कर," मी म्हटलं. "आधी जमिनीकडे. बोट चापावरून काढ."

"तू कोन सांगनारी?"

"तुझ्या बारशाला ही बंदूक काळी केली ती मी. तेव्हापासून तुझा बाप मला ओळखतो. त्याच्याकडे बघ."

बाळारामची काठी थांबली होती. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि उजवा हात तो नुसता हलवत होता, नाही, नाही, नाही. नितीनने नळ्या खाली केल्या. मी जवळ जाऊन घोडे एक एक करून माझ्या अंगठ्याने उतरवले, बंदूक मधून मोडून उघडली, काडतुसं काढून खिशात घालायला विकीकडे दिली. तो धापा टाकत पोचला होता.

मग भांडण सुरू झालं. नितीनची आई, जनाबाई, पहिली. "पोराला पाठीत मारलंस! काल पन उडवली त्यानं, सकाळी, उजवी नळी. काय झालं? कावळे उडाले."

"काल उडवली?"

"एक," नितीन म्हणाला. "लय धक्का दिला. पन टकाटक. आज दोन्ही एकदम टाकनार होतो. विकीभाऊंनीच पास केलीय. सही हाय त्यांची."

विकी म्हणाला, "सही चुकली माझी."

हे त्याने सगळ्यांसमोर म्हटलं, ते मी लक्षात ठेवलंय. सेठनी म्हटलं नसतं.

मी नळ्या सोडवल्या आणि उजवी नळी आभाळाकडे धरून आत बघितलं. नळीत उजेड कसा पडतो ते सांगते: चांगल्या नळीत तो सरळ धावतो, पाण्यासारखा. इथे तो एका जागी अडखळला. आत एक काळं वलय होतं, अंगठीएवढं, मागच्या टोकापासून वीतभर पुढे. मी नितीनला दाखवलं. "सावली असंल," तो म्हणाला.

"डोळ्यावर विश्वास नसेल तर बोटावर ठेव. जनाबाई, इकडे या. तुम्ही भाकरी थापता, तुमची बोटं खरी. डोळे मिटा आणि या नळीवरून बोट फिरवा, मागून पुढे."

जनाबाईंनी डोळे मिटले. बोट सरकत गेलं, वीतभर गेलं आणि थांबलं. मागे आलं, पुन्हा गेलं, पुन्हा तिथेच थांबलं.

"हितं फुगलीय," त्या म्हणाल्या. "पापडासारखी."

"काल फुगली. आज फुटली असती. आणि तुमच्या पोराचा डावा हात कुठे होता?"

त्यांनी स्वतःचा डावा हात नळीखाली धरला, नितीन धरत होता तसा. तळहात बरोबर त्या फुगवट्याखाली आला. मग नितीनच्या पाठीत त्यांनीच एक धपाटा घातला.

पण पोरगं बापासारखं होतं, पुरतं कळल्याशिवाय सोडणार नाही. म्हणाला, "फुगली असंल, पन जुनी हाय म्हनून कशावरून? जर्मन लोखंड तर लोखंडच." मी म्हटलं, घरात आगळ आहे? जनाबाईंनी कोकमाच्या आगळाची बाटली आणली. मी चुलीतली राख मागितली, आणि जशी पितळेची कळशी घासतात तशी नळीची चार बोटं जागा घासायला बसले. माझंच काळं, माझ्याच हाताने. औषध उतरलं, खालचं लोखंड राखाडी झालं. त्यावर आगळाची चिंधी गुंडाळली, कारण आंबट लोखंडाला आणि पोलादाला वेगवेगळं खातं, आणि चहा मागितला. अर्धा तास लागणार होता.

चहा घेताना मी त्यांना वही दाखवली. नितीनने नळ्या उलट्या करून वहीतल्या मुकुटांशी एक एक शिक्का जुळवला. नाल, साप, दोन खड्डे, गरुड. मग बोटाने पुढची मोकळी जागा चाचपत बसला.

"हितं पाचवा पायजे व्हता?"

"हो."

"आनि नाय म्हनून..."

"नाही म्हणून तुझ्या बापाने इतकी वर्षं हलकी काडतुसं वापरली. तो काठी आपटून तेच सांगत होता. तुम्हाला तो खूश वाटला."

चिंधी सोडली. धुतलं. वेटोळी वर आली होती, फिकट, पण एकेक स्पष्ट. पिळावर पीळ, आणि फुगवट्याच्या कडेने एका पिळाच्या बाजूला केसाएवढी काळी रेघ. ती चीर होती. विकीने मोबाईलवर मोठा फोटो काढून बघितला आणि बाजूला जाऊन उकिडवा बसला.

मी ती नळी बाळारामच्या मांडीवर ठेवली. त्याने उजव्या हाताचं बोट वेटोळ्यांवरून फिरवलं. मग माझ्याकडे बघून तोंडाच्या चांगल्या बाजूने हसला आणि घशातून एक आवाज काढला. जनाबाईंना कळेना. मला कळला. नायटा, म्हणत होता.

त्याच दिवशी बंदूक रीतसर कागद करून दुकानात जमा झाली. विकीने घोड्यांखालच्या, काडतूस पेटवणाऱ्या सुया काढून टाकल्या, नळ्या कायमच्या बंद करण्याचा अर्ज केला, आणि मंजुरी आल्यावर मला बोलावलं. म्हणाला, मावशी, तुम्ही लिहा. मी छिन्नी घेतली आणि जिथे पाचवा मुकुट असायला हवा होता त्या मोकळ्या जागेवर मराठीत कोरलं: उडवू नये. अक्षर जरा तिरकं आलं. मधल्या स्क्रूसारखंच. आता विकी कुठलीही जुनी बंदूक आली की आधी वही काढतो, मग मोबाईल. वही मी त्याला दिली नाही. झेरॉक्स दिली.

नितीनने दुसरी बंदूक घेतली, एकाही मुकुटाची गरज नसलेली, इथेच बनलेली, नव्या दारूची. नातीच्या लग्नाला तो आला, जनाबाई आल्या, बाळारामला चाकाच्या खुर्चीतून आणलं. जेवणाच्या पंगतीत नितीनने मला विचारलं, आजी, ती चप्पल सापडली का? मी म्हटलं, दुसरी जोडी तूच आणून द्यायची होतीस.

त्या सकाळी बांधावर आम्ही पाचजण होतो. नितीन, जनाबाई, बाळाराम, विकी आणि मी. पाचही जिवंत आहोत, आणि नितीनची दहाही बोटं जागेवर आहेत.